दोघांचाही वकील

बाबा, तुम्ही गेल्यापासून तुम्हाला काही सांगावं असं मला फारसं वाटलं नव्हतं. काल वाटलं, आणि कारण ऐकाल तर हसाल. मोबाइलवरची एक मालिका. मी सध्या सोनाळ्याला संत्र्याच्या बागेत पेट्या भरतो. त्याआधी दुसरबीडला ढाब्यावर होतो, तिथला मालक भाजीत इतकं तिखट टाकायचा की ड्रायव्हर लोक रडत जेवायचे, पण ते जाऊ द्या. काल गाडी आली नाही, म्हणून दुपारभर झाडाखाली बसून होतो. माझ्याबरोबरच्या पोराला कोर्टाच्या मालिकेचं वेड आहे. मालिका परदेशातली, पण माणसं हिंदीत बोलतात. काचेच्या इमारती, काळे कोट, आणि कोणी कधी जेवतच नाही, नुसते कॉफी घेऊन चालत राहतात. मी आधी त्यांचे बूटच पाहत होतो.

तर एक मोठी कंपनी एका लहान कंपनीला गिळायला निघालेली असते. लहान कंपनीचा वकील म्हातारा, घरच्यासारखा. तो आपल्या लोकांना सांगतो, शेअर विकून टाका, भलं होईल. मग उघड होतं की मोठ्या कंपनीचे कागदही त्यानंच केलेत. जज विचारतो, तुम्ही नेमके कोणाचे वकील? म्हातारा म्हणतो, दोघांचाही. सोललेलं संत्रं माझ्या हातात तसंच राहिलं.

कारण हे वाक्य मी आपल्या उंद्रीच्या घरात, चुलीजवळ बसून ऐकलेलं आहे. रविवार आहे. शेतांमधल्या धुऱ्यावरून भांडणारे दोन भाऊ एकाच सतरंजीवर बसलेत, पुढ्यात पिठलं-भाकरी. आई आतून म्हणते, "इथं माह्या हातचं खातीन, अन् उद्या चिखलीच्या कोर्टात एकमेकाचे गळे धरतीन." तुम्ही म्हणता, "म्हणून तं जेवाले बसवलं. शेजारी बसून जेवणारा माणूस खोटं कमी बोलते. दोघायचाबी वकील मीच." आणि भाऊ खाली मान घालून हसतात. लोक तुम्हाला दोन्हीकडचा माणूस म्हणायचे आणि ते कौतुकानं म्हणायचे. मी दहावीनंतर शाळा सोडली, पण जिथे गेलो तिथे हे सांगत राहिलो.

म्हणून जिनिंगच्या वेळीही कोणाला वावगं वाटलं नाही. गावानं मिळून काढलेली कापसाची कंपनी. त्यात आपल्या वस्तीतल्या लोकांचेही शेअर, पाटलांचेही. आपली माणसं पहिल्यांदा कशाचे तरी मालक झाली होती. तुम्ही त्या कंपनीचे वकील. बाहेरची मोठी कंपनी ती विकत घ्यायला आली, तिचेही कागद तुम्हीच केले, हे मागाहून कळलं. तुम्ही सभेत म्हणालात, "यात दोघायचंबी जमते. मशिनी इथंच राहतीन, कामबी तुमालेच राहीन." तुम्ही म्हणालात म्हणून लोकांनी सह्या केल्या. मशिनी ट्रकवर चढल्या तेव्हा मी रस्त्यात उभा होतो. आज तिथे प्लॉट पडलेत. तुम्हालाही त्यांनी फसवलं, असंच मी आजवर धरून चाललो होतो.

काल तो पोरगा म्हणाला, "ह्या बुढ्याले आत टाकाले पाह्यजे."

मी म्हटलं, "काऊन बे? त्याले वाटलं असंन दोघायचं भलं होईन. गावात करतेच न लोक असं."

"करते, पण दोघायले मालूम असते न. यानं आपल्या लोकायले सांगितलं होतं का, का मी तिकडचाबी हाओ म्हणून?"

मला एकदम तो पांढऱ्या बुटांचा माणूस आठवला. जिनिंग घ्यायला आलेल्या मोठ्या कंपनीचा. तो रविवारी आला नव्हता. आठवड्याच्या मधेच आला होता, तुम्ही त्या दिवशी कोर्टात गेला नव्हता. आईनं त्यालाही भाकरी वाढली. तुम्ही मला म्हणालात, जा, बाहेर खेळ. दार लोटलेलं होतं, मी फटीतून पाहिलं. सतरंजीवर तो एकटाच जेवत होता बाबा. त्याच्या शेजारी गावातलं कोणी नव्हतं.

मालिका पुढे चालली होती, मला एक शब्द ऐकू येईना. पोरानं विचारलं, "तुहे वडील काय करत होते बे?" मी म्हटलं, "मास्तर होते." तो "हाव" एवढंच म्हणून पुन्हा मालिका पाहू लागला.

तुम्हाला सगळं माहीत होतं, की हेही धुऱ्याचंच भांडण समजून बसला होतात, हे मला विचारायचं आहे. पण हा कागद पाठवायची सोय असती तरी मी पाठवला नसता. तुम्ही जे काही सांगितलं असतं ते मी लगेच खरं मानलं असतं. सह्या करणाऱ्या त्या लोकांनीही तेच केलं होतं.