घमेल्यातली गिट्टी

अहो,

आईंना घेऊन लक्ष्मी गेटला देवळात चाललेय. टहरौली गावचा दूधवाला दुपारी चिमीला कायमची न्यायला येईल. सकाळी ती पुन्हा तुळशीपाशी मुतली, म्हणून आईंनीच त्याला सांगितलंय. तुम्ही तेव्हा पेपराआड होतात.

कागद अंथरून झाले, ओरडून झालं, गुळाचा खडा देऊन झाला. आज लक्षात आलं की अंगणात खडी आहे ती फक्त तुळशीभोवती. चिमी म्हणजे रेल्वे यार्डातून उचललेलं कुत्र्याचं पिल्लू. जन्मापासून तिच्या पायाखाली रुळांतली खडी, गिट्टीच; मुतायची जागा तिला तीच ठाऊक. म्हणून मागच्या दारी घमेलंभर गिट्टी ठेवलीय. पोळी घातलीत की तिला त्यात उभी करा आणि गप्प राहा. ते तुम्हाला छान जमतं.

दूधवाला आला की मात्र "आईला विचारून सांगतो" नको. "भैया, चिमी कहीं नहीं जाएगी," एवढंच म्हणा. मी या घरात नवी होते तेव्हा माझ्यासाठी असं एक वाक्य बोलला असतात, तर... राहू दे.

दिवेलागणीला येऊ. चिमी दारात दिसली नाही, तर आईंना मी एक शब्द विचारणार नाही. तुम्हाला विचारीन.

सिंधू