नारिंगी बुचं

४ जून

आज पुन्हा! दोघं कोपऱ्यात, डोक्याला डोकं लावून कुजबुजत होते. मी पाण्याची बाटली घ्यायच्या निमित्ताने ड्रमच्या मागून उठलो, अगदी जवळ जाऊन उभा राहिलो, कान टवकारले — एक अक्षर कळेल तर शपथ. नुसतं गुणगुण गुणगुण. मग बायको माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाली. मी म्हणालो, "चालेल." ती बघतच राहिली.

बायको आमची गायिका. तो बेस वाजवतो. मी ड्रम. बँड माझा — मी उभा केला, मी माणसं गोळा केली, फर्निचरच्या दुकानाखालचं हे तळघर मी शोधलं आणि भिंतींना जुन्या गाद्या मीच ठोकल्या. आता माझ्याच तळघरात माझ्यापासून लपवालपवी.

त्याचं नाव इथे लिहिणार नाही. बुचवाला म्हणू. तालमीच्या आधी खिशातून गोल डबी काढतो, त्यातून नारिंगी बुचं काढतो, एका हाताने कान ओढून दुसऱ्या हाताने आत सरकवतो, मग जबडा हलवून बघतो. अगदी आरशासमोर बसून झुबे घातल्यासारखं! आणि हा म्हणे वादक.

६ जून

मला म्हणतो, "दादा, तूपण घालत जा रे. सगळ्यात जास्त आवाज तुझ्याच डोक्याशी असतो."

"मी कान उघडे ठेवून वाजवतो," मी म्हणालो. "ज्याला ताल सापडत नाही त्याने बुजवावेत." कीबोर्डवाला फिस्सकन हसला. बायको नाही हसली.

आणि एक गोष्ट. मला दादा म्हणतो ना? मग तिला वहिनी का म्हणत नाही? पूर्वी म्हणायचा. सारखं वहिनी वहिनी चालायचं. हल्ली नावाने हाक मारतो! कधीपासून ते आठवत नाही, पण थंडी होती तेव्हा.

९ जून

फ्रिज शिट्टी मारतोय. बारीक, सलग. दिवसा कमी, सगळं शांत झालं की जास्त. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने मागे वाकून पाहिलं, ठोकून पाहिलं, शेवटी प्लगच काढला.

"आता?"

"आताही वाजतोय."

त्याने काढलेला प्लग माझ्यासमोर धरला. "साहेब, बंद आहे तो."

मग शेजाऱ्यांचा असेल. चहा पाजून पाठवलं त्याला.

१२ जून

सापडलं! किल्ली शोधायला बायकोची पर्स उघडली — आत गोल डबी. तीच. आत बुचं — नारिंगी! जगात एवढे रंग पडलेत, पण हिला नारिंगीच मिळाला. लोक चोरून अंगठी देतात, याने बुचं दिली.

सरळ विचारलं. म्हणाली, "तालमीनंतर कान बधिर व्हायचे माझे. त्याने दुकान सांगितलं, मी आणली. तुझ्यासाठीपण आणलीयत, आठवडाभर टेबलावर पडलीयत. दिसली नाहीत का?"

दिसली होती. मला वाटलं शेंगांची पुडी असेल. मग नळ सुरू करून भांडी घासता घासता आणखी काय काय बोलत होती. मी चालेल म्हणून बाहेर पडलो. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

१५ जून

सकाळी दारात ताई. बरोबर तिचं कुत्रं, कुत्र्याची गादी, कुत्र्याचं ताट.

"हे काय?"

"काय म्हणजे? फोनवर विचारलं नाही का, मी बाहेरगावी चाललेय, आठ दिवस ठेवशील का? चालेल म्हणालास!"

म्हणालो असेन. हल्ली बऱ्याच गोष्टींना म्हणतो. काय करणार, लोकांना तोंड उघडून बोलायला नको झालंय. दोनदा "काय? काय?" केलं की चेहरे वाकडे करतात. चालेल म्हटलं की माणूस खूश आणि विषय बंद. मागे रंगाऱ्यालाही असंच म्हटलं, तर बाहेरच्या खोलीची एक भिंत जांभळी झाली. बायको महिनाभर धुमसत होती.

ताई जाताना म्हणाली, "टीव्ही जरा बारीक कर रे, खालच्या फाटकापर्यंत बातम्या ऐकू येतात." ती अशीच. लहानपणापासून माझं काहीतरी कमी तरी असतं नाहीतर जास्त तरी.

१९ जून

बायकोने पलंगावरची बाजू बदलली. लग्न झाल्यापासून माझ्या डावीकडे झोपते. परवा उशी उचलली आणि उजवीकडे. का विचारलं तर म्हणते, "असंच." असंच काही नसतं. बाई बाजू बदलते म्हणजे काहीतरी बदललेलं असतं.

आणि स्टेजवरही तेच! बुचवाला कायम माझ्या डावीकडे, हाय-हॅटच्या झांजांच्या बाजूला उभा राहायचा. आता उजवीकडे आलाय, नेमका तिच्या शेजारी. हिने उशी हलवली, त्याने अँप्लिफायर हलवला. मी मध्ये बसून दोघांना ठेका देतोय! जीव नुसता जळतो.

२३ जून

कार्यक्रम. शेवटचं गाणं ती त्याच्याकडे बघून गायली. मी तिला दाखवून दिलं. एक स्टिक मोडली.

२४ जून

हॉलच्या मॅनेजरचा फोन — पाहुणे पुढची टेबलं सोडून मागे जाऊन बसले म्हणे. "ड्रम जरा आटोक्यात." मला तर सिंबल, त्या पितळी थाळ्या, नीट ऐकूही येत नव्हते! मेलेत ते, वाजतच नाहीत. नवे घ्यायला हवेत, चकचकीत आवाजाचे.

२८ जून

मन मोकळं करायला मास्तरांकडे गेलो. त्यांनीच माझ्या हातात स्टिक्स दिल्या. अजून ताठ बसतात, बोटं मांडीवर चालूच. शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. बुचं, उशी, कुजबुज.

"बायको दुसऱ्याकडे बघतेय मास्तर, काय करू?"

मास्तर प्रसन्न हसले. "वा! छान छान!"

मला वाटलं टोमणा मारताहेत. परत सांगितलं. परत, "छान छान!" तेवढ्यात मास्तरीणबाई चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "अरे, पलीकडून बोल, उजव्या बाजूने. आणि जोरात. त्या बाजूने काही पोचत नाही त्यांना. मोठी माणसं भेटायला येतात, हे आपले सगळ्यांना छान छान म्हणतात."

दुसऱ्यांदा, तेही ओरडून, सांगायची गोष्ट नव्हती ती. चहा घेऊन निघालो. वाईट वाटलं त्यांच्यासाठी. एवढा मोठा वादक!

५ जुलै

लिहायची लाज वाटतेय. तरी लिहितो.

तालीम चालू होती. हळू गाणं, मी ब्रशने वाजवत होतो. ती डोळे मिटून गात होती, तो तिच्या बाजूला मान डोलावत उभा. माझ्या मनात आलं ते मी ओठातल्या ओठात पुटपुटलो — "जा ना मग, त्याच्या मांडीवरच बसून गा."

गाणं थांबलं. कीबोर्डवाल्याचे हात हवेत. बायकोने माइक स्टँडला लावला, ओढणी उचलली आणि जिना चढून गेली. मला कळेना, हिला ऐकू कसं गेलं? मी पुटपुटलो होतो! मला तरी पुटपुटल्यासारखंच वाटलं.

बुचवाल्याने कानातली बुचं काढली. मला वाटलं आता हात उचलेल. उचलला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "दादा, तुला वाटलं मनात म्हणालास, हो ना? ओरडलास रे." नंतर खिशातून एक कार्ड काढून माझ्या पुढ्यातल्या स्नेअर ड्रमवर ठेवलं. कान तपासणाऱ्या बाईंचं. कधीपासून खिशात घेऊन फिरत होता कोण जाणे!

७ जुलै

घरात अबोला. ताईचं कुत्रंही ताई घेऊन गेली. फ्रिज तेवढा बोलतोय.

१० जुलै

गेलो. बायको बरोबर आली. बंद पेटीसारखी खोली, कानावर हेडफोन, हातात बटण. टुंई ऐकू आलं की दाबायचं. सोपं होतं. टुंई, दाब. टुंई, दाब. मस्त लय सापडली. मी दाबत राहिलो.

काचेपलीकडून बाईंनी हात हलवला, आत आल्या. "तुम्ही काय वाजवता?"

"ड्रम. का?"

"तालात दाबताय तुम्ही. आवाज मी केव्हाच थांबवलाय."

बायको बाहेरच्या बाकावर बसली होती. तिला हसू आलं की रडू, मला दिसलं नाही, तिने तोंड फिरवलं.

दुसऱ्यांदा बाईंनी मुद्दाम वेडेवाकडे, बेताल आवाज दिले. मग कागद समोर ठेवला. उजव्या कानाची रेघ बरीच सरळ जाऊन शेवटी खाली पडते. डाव्याची जिन्यासारखी उतरत जाते. "डावीकडे काय असतं तुमच्या?" हाय-हॅट, मी म्हणालो. त्यांनी नुसती मान हलवली. म्हणाल्या, स, श, फ असले बारीक आवाज आधी जातात. शब्दांच्या कडाच ऐकू येत नाहीत, मग सगळं जग पुटपुटतंय असं वाटतं. शिट्टी फ्रिजची नाही, माझ्याच कानातली.

"बरं होईल ना?"

"गेलं ते येणार नाही. उरलंय ते सांभाळायचं. वाजवताना बुचं, दर वेळी. मध्ये मध्ये विश्रांती. नवे कर्कश सिंबल तर अजिबात नकोत."

"कापूस घालू का?"

"कापसाने फक्त कान दिसेनासे होतात."

घरी येताना मास्तर आठवले. छान छान.

१६ जुलै

माझ्या कानाच्या मापाची बुचं आली. कानात लगदा ओतून साचा घेतला होता. रंग विचारला तेव्हा मी म्हणालो, कुठलाही द्या, नारिंगी सोडून. काळी आहेत.

पहिली तालीम. सगळे आले, कोणी त्या दिवसाचा विषय काढला नाही. बुचं घातली आणि वाटलं, झालं, संपलो. ड्रम म्हणजे गादीवर टपल्या! पण तिसऱ्या गाण्यापर्यंत काहीतरी सुटं सुटं व्हायला लागलं. बेस वेगळा, कीबोर्ड वेगळा, आणि मध्ये तिचा आवाज — श्वास घेते तो सुद्धा. किती दिवसांनी! मी हळू वाजवायला लागलो, कारण ऐकायचं होतं.

मध्ये थांबलो तेव्हा मी तिला विचारलं, "सूर अर्धा खाली घ्यायचा का?" स्वतःचाच आवाज डोक्यात असा दणादणा घुमला की मी दचकून आवाज बारीक केला.

ती म्हणाली, "कुजबुजू नकोस, नीट बोल."

मी! कुजबुजतोय!

मग डोक्यात उजेड पडला. बुचं घातली की आपलाच आवाज आपल्याला मोठा लागतो, माणूस आपोआप हळू बोलतो, समोरच्याला ऐकू जावं म्हणून डोकं जवळ नेतो. कोपऱ्यातले ते दोघं! बुचं घालून सुरांविषयी बोलत असणार, दुसरं काय! मी एकटाच बसून हसत सुटलो. किती दिवस जळत होतो, कशावर, तर रबराच्या तुकड्यांवर!

१८ जुलै

तिच्याशी बोललो. माफी मागितली, व्यवस्थित, न पुटपुटता. तिने बरंच सांगितलं. माझे कान गेलेत हे आधी बुचवाल्याने ओळखलं. (इथेही तोच आधी! थोडं जळलंच.) त्याने एप्रिलमध्ये तिला सांगितलं, ती कबूल करेना. मग तो मुद्दाम माझ्या उजवीकडे उभा राहायला लागला, माझ्या इशाऱ्यांची गडबड होऊ नये म्हणून. भला माणूस आहे. लिहितोय खरं, पण पेन जड झालंय.

"आणि उशी?" मी विचारलं. "तीही त्यासाठीच ना, मला ऐकू यावं म्हणून?"

तिने बादली उचलली. "उशीचं नंतर सांगते," म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली. बारीकसारीक गोष्ट असेल.

२१ जुलै

आज दुपारी ती माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली. टीव्ही बंद केला.

म्हणाली, "फेब्रुवारीत त्याने मला विचारलं, माझ्याबरोबर येशील का. कायमचं. मी त्याला काहीच उत्तर दिलं नाही. त्याच दिवशी गाडीत तुला सांगितलं. तू चालवत होतास, मी तुझ्या डावीकडे. वाटलं, तू चिडशील, गाडी थांबवशील, काहीतरी करशील. त्यानंतर दोन महिने मी तुझ्याशी कशी राहिले मलाच ठाऊक. मग तोच म्हणाला, अगं, त्याला ऐकू येत नाही. म्हणून उशी बदलली. या कानाशी परत सांगायचं, आणि तू काय म्हणतोस ते बघायचं. धीर झाला नाही."

"त्याला काय उत्तर दिलंस?"

"अजून नाही दिलं."

शब्दन् शब्द ऐकू आला. मी विचारलं, गाडीत मी काय म्हणालो होतो?

"तू समोर बघत म्हणालास — चालेल."