पाणी न पाहिलेलं लाकूड

४ मे, कास्त्रो
स्वतःच्या हातांनी केलेल्या गोष्टी: फोटो मोठे करायच्या एनलार्जरचं टेबल, लाल दिव्याची पेटी, खिडकी बुजवणाऱ्या दुहेरी फळ्या, बेचाळीस खिळे, आणि दार, आत उघडणारं, उजेडाची रेघसुद्धा न सोडणारं. रांकाग्वाहून या बेटावर येऊन महिनाही झाला नाही. घर खांबांवर, खाली भरतीचं पाणी. जन्मभर बसची इंजिनं दुरुस्त केली. फोटो धुवायला कुणी शिकवलं नाही, शिकलो. डार्करूममध्ये आता फक्त सिंक राहिलं.

७ मे
सिंकसाठी फळ्या मिळाल्या, अस्सल सायप्रस लाकडाच्या. शेजारचा म्हातारा बाल्दोविनो नावा बांधतो. त्याच्या अंगणात सात मीटरची एक नाव अकरा वर्षं अर्धवट पडून होती, फळ्या तिच्याच. मालक वारला, ती समुद्रात उतरलीच नाही. म्हातारा हसत म्हणाला, मिस्तरी, या लाकडानं अजून पाणी पाहिलेलं नाही, तहानलेलं असेल, जपून पाज.

११ मे
सिंक झालं. लांबी दोन मीटर चाळीस, उतार मीटरला दोन सेंटीमीटर, निचऱ्याचा पाइप सरळ खाली समुद्रात. टोकापासून दारापर्यंत ऐंशी सेंटीमीटर, दाराचं पान पंचाहत्तर. पाच सुटतात, मोजूनच सोडलेत. नावेसारखं काठोकाठ पाणी भरून ठेवलंय. फळ्या फुगल्या की सांधे बसतील.
बाल्दोविनो बघायला आला. सांधे चाचपून मान डोलावली, म्हणजे पसंत पडले. मग म्हणाला, हे दार बाहेर उघडायला हवं, मी करून देतो. आणि मजुरीचा आकडा सांगितला. मी म्हटलं, आजोबा, माझ्या दाराला दुसऱ्याचा हात नको. तो म्हणाला, बरं बाबा, दार तुझं. आत अडकलास तर हाक मार, मी तसाही बहिरा.

१५ मे
दार सिंकला घासलं. मोजलं: दोन मीटर शेहेचाळीस. फळी रुंदीत फुगते, लांबीत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. टेपच खराब. नवा आणला.

१६ मे
नवा टेप: दोन मीटर एकावन्न. सगळं पाणी सोडून दिलं.

१९ मे
रिकाम्या सिंकमध्ये सकाळी वीतभर पाणी. चाखलं. खारट. भरती एवढी वर येत नाही — पाइप तीन मीटरचा आहे —
दोन मीटर पंचाहत्तर. दार अर्धंच उघडतं.

२० मे, दुपार
पाणी ओसंडून एनलार्जरकडे निघालं, म्हणून अर्ध्या दारातून अंग चोरून आत शिरलो, निचऱ्यात बूच कोंबायला. मागे लाकूड करकरलं. दार मिटलं. सिंकचं टोक दाराला भिडलंय.
हत्यारं बाहेर. खिशात टेप आणि ही वही, उजेड लाल दिव्याचा.

तीन मीटर वीस. एक टोक भिंतीला, एक दाराला. तरी करकरतंय. सात मीटर व्हायचं होतं त्याला —

खिडकीचे बेचाळीस खिळे. एकही ढिला नाही. नखं —

हाका मारल्या. पत्र्यावर पाऊस.

आता रुंदीत वाढतंय. कड पोटाला. पाणी गुडघ्यावर.

दार बाहेर उघडणारं करून देतो म्हणाला होता. बिजागऱ्यांसकट. पंधरा हजार पेसो. मी नको म्हटलं. पंधरा हजार —