ओरखडा कुठून कुठं गेला

अप्पा, परवा मी माझी गाडी घराच्याच फाटकाच्या खांबाला घासली. भाजी घेऊन येत होते, वळण जरा लवकर घेतलं आणि कर्रकन आवाज झाला. उतरून पाहिलं तर पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत पत्रा आत गेलेला. संध्याकाळी मुलगा आल्यावर मी त्याला काय सांगितलं असेल? लोहा गावच्या रस्त्यावर मागून उसाची ट्रॉली आली आणि घासून निघून गेली. जन्मभर शाळेत पोरांना खरं बोलायला शिकवलेली बाई मी, आणि इतकं सफाईदार खोटं बोलले की माझं मलाच कौतुक वाटलं. कारण साधं आहे. साठी झाल्यापासून मुलगा 'आई, आता तू गाडी चालवणं बंद कर' म्हणून मागे लागलाय. या नांदेडात किल्ली माझ्या हातात आहे तोवर मी मैत्रिणीकडे जाते, गोदावरीच्या घाटावर जाते, मनात आलं तर लातूर गाठते. ती काढून घेतली की मी घरातल्या सोफ्यासारखी एका जागी बसणार. तुम्हाला हे खोटं आवडलं नसतं, ठाऊक आहे. पण रागावण्याआधी पुढचं ऐका.

गाडी कुठं द्यायची यावरून घरात दोन दिवस खल चालला. मुलाचं म्हणणं, कंपनीच्या वर्कशॉपलाच द्यायची. गेले. काचेची केबिन, गार हवा, टाय लावलेला पोरगेला माणूस. त्यानं गाडीजवळ न जाताच मोबाइलवर चार फोटो काढले आणि म्हणाला, "दोन्ही दारं बदलून टाकू मॅडम." विम्याच्या फॉर्मवर 'अपघात कसा झाला' या रकान्यात मी सांगितलं तसं मुकाट्यानं लिहून घेतलं. मला मात्र तुमचा चेहरा दिसायला लागला. तुम्ही जन्मभर चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणारे डेंटर; दार बदला म्हणणाऱ्या माणसाला तुम्ही डेंटर म्हणतच नव्हतात, दुकानदार म्हणायचात. फॉर्म पर्समध्ये घालून मी तिथून निघाले. मग बायपासच्या एका शेडमध्ये गेले. तिथला म्हणाला, उद्या संध्याकाळी चकाचक करून देतो. मी तुमच्या सवयीनं शेडच्या मागं चक्कर मारली. तुम्ही शिकवलं होतं ना, गॅरेज पुढून बघायचं नसतं, मागं काय फेकलंय ते बघायचं. मागं लांबीच्या, म्हणजे पुट्टीच्या, रिकाम्या डब्यांचा ढीग होता. म्हणजे हा पत्रा ठोकून सरळ करणारा नव्हे, खड्ड्यात लांबी थापून वरून रंग मारणारा. तिथूनही निघाले. मुलगा वैतागला. म्हणाला, "आई, तू गाडी दुरुस्त करायला निघालीस की मुलगी द्यायला?"

मुलगी द्यायला निघालेल्या बापाचं सोडा, मला माझा बाप आठवत होता. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. भाड्याच्या घरांवर सरकारी खात्यांच्या ताज्या पाट्या लागत होत्या आणि नव्या कोऱ्या जीपा धुरळा उडवत फिरत होत्या. त्यातच दुष्काळ. आपल्या गल्लीतला आड तळाला गेलेला. रंगाआधी पत्रा पाणी मारून घासायचा असतो, पण त्या उन्हाळ्यात तुम्ही पाण्याला हात लावला नाही. तोंडाला फडकं बांधून कोरडंच घासायचात आणि घरी यायचात ते कपाळाच्या विभूतीपासून पायापर्यंत एकाच रंगाचे होऊन. आपले पाहुणे सगळे मोंढ्यातले धान्याचे व्यापारी. गादीवर बसायचं सोडून हा हातोडी काय धरतो, असं म्हणायचे. आईला ते लागायचं. म्हणून जिल्हा झाल्याचा सगळ्यात जास्त आनंद तिला झाला होता. नव्या कचेऱ्यांच्या जीपा तुमच्याकडे आल्या की पाहुण्यांची तोंडं बंद होतील, असा तिचा हिशोब.

आणि एक जीप आलीच. कुठल्याशा नव्या खात्याच्या साहेबांची, एका बाजूनं पार चेपलेली. बरोबर कचेरीतला कारकून. मी दहावीत होते, तुमचा डबा घेऊन शेडमध्ये आले होते. कारकून म्हणाला की निलंग्याच्या पुढं साहेबांची जीप रस्त्याकडेला उभी होती आणि पाण्याचा टँकर मागून येऊन घासून गेला. टँकरच्या ड्रायव्हरची चौकशी लागली आहे, नोकरी जाणार आहे. "तेवढं दुरुस्तीच्या कागदावर कारण लिहून द्या, अप्पा. मग जिल्ह्याच्या समद्या जीपा तुमच्याकडंच."

तुम्ही जीपजवळ गेलात. डोळे मिटलेत आणि पत्र्यावरून तळहात फिरवायला लागलात, आधी पुढून मागं, मग मागून पुढं. दोनदा फिरवलात. मग मला जवळ बोलावून माझा हात धरून पत्र्यावर ठेवलात. "बघ माय, हिकडून हात सरकतो. तिकडून बोटाला टोचतंय. म्हंजी पत्रा पुढून मागं दुमडलाय." आणि कारकुनाकडे वळून म्हणालात, "टँकर मागून आला आसता तर ह्यो वळ मागून पुढं गेला आसता. टँकर उभा व्हता साहेब. जीप चालून गेलीया त्याच्या अंगावर."

कारकून हसला. म्हणाला, "तुम्हाला काय करायचंय? पत्रा ठोका की."

"पत्राच ठोकायलो. पर लिहायचं म्हणाल तर पत्रा सांगतो त्येच लिहीन."

रात्रभर विचार करा, असं म्हणून तो गेला. घरी जेवायच्या वेळी आई तुमच्याशी किती भांडली! तो ड्रायव्हर आपला कोण लागतो, त्याचं गाव तरी माहीत आहे का, असं तिनं विचारलं. तुम्ही भाकरी मोडत एवढंच म्हणालात, "त्याच्या टँकरम्होरं बायका घागरी घेऊन हुभ्या व्हत्या म्हनं. देवाची किरपा, कुनाला लागलं न्हाई. आता त्यालाच लटकवायलेत." आईनं ताट उचललं, पण पटलं म्हणून नव्हे. तुम्हाला सहीपुरतं लिहिता यायचं, म्हणून सकाळी शेडमध्ये कागद मी लिहिला. तुम्ही सांगत होतात, पत्रा पुढून मागे गेला आहे, धडकेच्या वेळी जीप चालू होती, दुसरी गाडी उभी होती. खाली तुमची ती थरथरती, मोठ्या अक्षरांची सही.

जीप त्याच दिवशी तुमच्या शेडमधून उचलून नेली. मग जिल्ह्याची एकही जीप आपल्याकडे आली नाही. सगळी कामं नांदेडच्या कुठल्याशा गॅरेजला गेली म्हणे. ड्रायव्हरची नोकरी मात्र राहिली. तो तुम्हाला कधी भेटायलाही आला नाही, बहुधा कागद कुणी लिहिला हे त्याला ठाऊकच नसावं. पण ड्रायव्हर लोकांत अशा गोष्टी कशा पसरतात कोण जाणे. निलंग्याचे, देवणीचे, पार उदगीरचे ट्रकवाले वाट वाकडी करून तुमच्या शेडला यायला लागले. 'अप्पा बोलले म्हणजे झालं,' असं म्हणायचे. दोन ट्रकवाल्यांचं भांडण असलं की पोलिसात जायच्या आधी तुमच्या तळहाताखाली पत्रा आणायचे. अप्पा, मला तुमचा किती अभिमान वाटतो हे तुमच्या हयातीत मी एकदाही बोलले नाही. आपल्याकडे बापाला असं सांगायची रीत नव्हती. आता सांगते, लई अभिमान वाटतो.

तर काल शेवटी एका बोळातल्या शेडमध्ये गेले. मागं डबे नव्हते. जाड भिंगांचा चष्मा लावलेला, माझ्याच वयाचा एक माणूस. मी माझी ट्रॉलीची गोष्ट सांगितली. त्यानं ऐकली, चष्मा काढून खिशात ठेवला आणि डोळे मिटून दारावर तळहात ठेवला. पुढून मागं. मागून पुढं.

"मॅडम, रागावू नका. ट्रॉली न्हाई लागली ही. गाडी चालत व्हती, समोरचं हुभं व्हतं. आन् हे पिवळं बघा, भिंतीचा रंग हाय."

खरं तर अपमान वाटायला हवा होता, पण मला हसू आवरेना. तो बिचारा गांगरला. मी म्हटलं, "हाव दादा, खांबाला लावली मीच. गाडी तुमच्याकडंच ठेवा." किती दिवस लागतील हेसुद्धा विचारलं नाही. फॉर्म तिथंच फाडला. घरी येऊन मुलाला सगळं खरं सांगितलं. तो उठून फाटकापाशी गेला, खांब बघून आला. मग म्हणाला, "फाटक रुंद करून घेऊ." किल्ली अजून माझ्याकडेच आहे, अप्पा.

हे पत्र मी कुठं टाकणार आहे? वहीत मिटून ठेवीन. पण एक गोष्ट राहिली. जीपचा तो कागद मी दोनदा लिहिला होता, आठवतं? पहिला मी चुरगाळला आणि शाई सांडली असं तुम्हाला सांगितलं. तुम्ही त्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगत होतात, "माजी पोर एक अक्षर वाकडं चालू देत न्हाई, समदं पुन्ना लिवती." शाई सांडली नव्हती, अप्पा. पहिल्या कागदावर मी आईकडे बघून कारकुनाला हवं तेच लिहिलं होतं. तुम्हाला वाचता येत नाही हे मला ठाऊक होतं. तुम्ही सही करायला पेन उचललंत आणि त्याआधी कागदावरून एकदा हात फिरवलात, जसा पत्र्यावरून फिरवत होतात तसा, डोळे मिटून. तेव्हा मी तो तुमच्या हाताखालून ओढून घेतला.