उंटावरून आलेला चहा

॥ श्री ॥
चेरीवूड, २८ नोव्हेंबर २०२०

चि. क्षितिजा हिस पद्मामावशीचे अनेक आशीर्वाद.

विमानं बंद पडली आणि मी इथे परदेशात लेकाकडे अडकले, त्याला नऊ महिने होत आले. त्यात पोर्टलीशहून तुझी चहाची पुडी आली. नेहमीसारखं आधण ठेवलं, आलं किसलं, दूध घातलं. पहिल्याच घोटाला वाटलं, दूध लागलं. पातेलं घासून पुन्हा केला, पुन्हा तोच वास. तिसऱ्या वेळी हृषीकेश ऑफिसची मीटिंग सोडून काय जळतंय ते बघायला धावत आला. बाई गं, हा चहा आहे की होळीची राख? फोनवर तू नुसत्या जांभया देतेस, म्हणून पत्रानेच कळव. दमा बरा आहे, पंप वेळेवर घेते.

तुझी वाट बघणारी,
मावशी

पोर्टलीश, १५ डिसेंबर २०२०

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, हॉस्पिटलच्या ड्यूट्याच तशा आहेत. अगं, तो कोरा प्यायचा असतो. त्याचं नाव रशियन कॅरव्हान. पूर्वी चीनमधून रशियाला चहा उंटांवरून जायचा, मंगोलिया आणि सायबेरिया ओलांडत, महिनोन्महिने. मुक्कामाच्या शेकोट्यांचा धूर त्याला लागायचा म्हणतात. आता उंट नाहीत, थोडी पानं लाकडाच्या धुरावर वाळवून मिसळतात. त्यात तू आलं घातलंस, उंटसुद्धा हसतील.

शुक्रवारपासून काउंटीबाहेर, म्हणजे आपल्या जिल्ह्याबाहेर, जायची मुभा आहे. शनिवारी जेवायला येतेय. दहा महिन्यांत घरच्या कुणाला मिठी मारलेली नाही. तासभर तुझ्या कुशीत झोपणार आहे, सरक म्हणालीस तरी ऐकणार नाही. जराशी सर्दी आहे, बाकी ग्रँड. फक्त दुकानदाराने गंडवलं बघ. काल नवीन पुडी फोडली, तिला धुराचा वासच नाही.

तुझी लाडकी,
क्षितिजा

चेरीवूड, १७ डिसेंबर २०२०

चि. क्षितिजास आशीर्वाद आणि एक धपाटा.

पत्र वाचून लगेच फोन केला, तर साधी सर्दी आहे म्हणून हसलीस आणि ठेवून दिलास. म्हणून शाईने लिहिते. पुडी चांगली आहे, बिघडलंय ते तुझं नाक. वास गेला की काय समजायचं ते टीव्हीवर दिवसभर सांगतात, ते डॉक्टरीणबाईंना मी सांगायचं? दिव्याखाली अंधार. तुमच्या त्या प्रेसमधून, म्हणजे कपाटातून, मी दिलेली हिंगाची डबी काढ आणि नाकाशी धर. हिंग कळला नाही तर टेस्ट कर. उंटावरून शेळ्या हाकतेय म्हण हवं तर. पुरण शिजवायला घेतलंय, तुला बघायला जीव तुटतोय, तरी निकाल हाती आल्याशिवाय माझ्या दारात पाऊल ठेवायचं नाही.

चिडलेली,
मावशी

पोर्टलीश, ३० डिसेंबर २०२०

ती. मावशीस सा. न.

तुझं पत्र शुक्रवारी सकाळी मिळालं. हिंगाची डबी उघडली आणि ओट्याशी तशीच उभी राहिले. काहीच कळलं नाही. टेस्ट पॉझिटिव्ह आली. तीन दिवस ताप होता, मग नुसता थकवा. आता बरी आहे. हृषीकेशदादाने दाराबाहेर ठेवलेल्या पोळ्या चव न कळताच संपवल्या.

मी घाबरले ती माझ्यासाठी नाही. तुझ्या वयाच्या, तुझ्यासारखा दमा असलेल्या बायका मी वॉर्डात रोज बघते. सगळ्याच घरी जात नाहीत. आणि मी शनिवारी तुझ्या कुशीत झोपायला निघाले होते.

मला वाटायचं, तुझी काळजी मी घेतेय. आई गेल्यापासून मला कुणी रागावलंच नव्हतं, डॉक्टर म्हणून सगळे माझंच ऐकतात. तुझं पत्र वाचून पोटभर रडले आणि फार बरं वाटलं.

लोभ आहेच, धाकही असू दे.

तुझी,
क्षितिजा