म्हातारीच्या दाढा

बाबा,

तुमच्या घोडेवालीचा नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवते.

परवा तबेल्यात घोड्यांची वर्षाची तपासणी झाली, लसी टोचल्या. आमची म्हातारी घोडी हल्ली अर्धवट चावलेलं गवत तोंडातून टाकून द्यायची. वय झालं, असंच आम्ही धरून चाललो होतो. डॉक्टरांनी तोंडात हात घातला, तर दाढांच्या कडांना धार आलेली आणि गाल आतून सोललेला! त्यांनी कानशीने दाढा घासल्या. काल बाईसाहेबांनी खुराकाची बादली चाटूनपुसून साफ केली.

आई म्हणत होती, तुम्ही हल्ली सगळं दुधात कुस्करून खाता आणि वर ‘वय झालं’ म्हणता. सदरे ढगळ झालेत का हो?

घोडीला धरायला तिघं लागली. तुम्हाला दवाखान्यात न्यायला आई एकटी पुरे. म्हणूनच पाकिटावर तिचं नाव घातलंय.

तुमचीच,
घोडेवाली