लोरेन हॅचची पाठ

४ सप्टेंबर

आले एकदाची! खोली एवढीशी आहे, पण खाली बेकरी असल्यामुळे अख्ख्या जिन्याला खसखशीच्या रोलचा वास. माझं आडनाव सबो, म्हणजे त्यांच्यासारखीच हंगेरियन, हे कळल्याबरोबर मालकीणबाईंनी विचारलं की कुठल्या चर्चचे सबो तुम्ही, आणि उत्तर ऐकायच्या आतच पॅप्रिका घातलेल्या चिकनचं भांडं हातात ठेवलं. जिना मात्र उभा आहे. डावा पाय अडकला तेव्हा बाई म्हणाल्या, एवढी तरुण पोर आणि म्हातारीसारखा कठडा काय धरतेस? हसून वेळ मारून नेली.

उद्यापासून मेडिकल कॉलेजात नोकरी. काय, तर पेशंटचं सोंग करायचं! गाऊन घालून टेबलावर बसायचं, पाठ केलेलं दुखणं सांगायचं, शिकाऊ डॉक्टर तपासणार आणि त्याचे त्यांना मार्क मिळणार. आई फोनवर खो खो हसली. म्हणाली, डेला, तुला यात नवीन शिकायचं काय राहिलंय?

खरंच काय राहिलंय? सलूनमध्ये लोकांचे केस कापता कापता माझ्या पायांची वाट लागली. तळवे बधिर, आणि पुढे वाकलं की कमरेच्या आत कुणी दोर खेचावा तशी ओढ. लघवी कधी सुटते ते कळत नाही. डॉक्टर काय कमी बघितले? एक म्हणाला वजन उतरव, दुसरा म्हणाला व्यायाम कर, तिसरा मेला म्हणाला लग्न कर. शेवटी मीच वाचून शोधलं. मज्जारज्जूचं खालचं टोक मोकळं हवं असतं, पण काहींचं ते जन्मापासून तळाशी बांधलेलं असतं. अशांच्या माकडहाडाच्या वर कधीकधी केसांचा पुंजका असतो. माझ्या आहे. ऑपरेशन करून ते टोक सोडवतात, पण उशीर केला तर पाय गेले ते गेलेच.

हे ऑपरेशन करणाऱ्या डॉ. सेलेस्ट बुशार शेजारच्या शहरात बसतात. इथल्या डॉ. प्रेंटिसनी पाठवल्याशिवाय त्या कुणाला बघत नाहीत, आणि प्रेंटिसांकडे नंबर लावायचा तर वर्ष जातं. पण प्रेंटिस याच कॉलेजात शिकवतात! म्हणून तर ही नोकरी धरली. आहे की नाही डोकं?

१२ सप्टेंबर

मजा येतेय. ओळीने तपासणीच्या खोल्या, प्रत्येकीत टेबल, बेसिन आणि छताला कॅमेरा. घंटा झाली की आपण आपण नाही, पुढची घंटा होईपर्यंत सोंग सोडायचं नाही. ग्वेन आमची मुकादम, तिच्या आवाजाने कबुतरं उडतात. ओटिस नावाचा एक म्हातारा आहे, त्याचं काम छातीत कळ येऊन मरायचं. तो म्हणतो, घरी खरोखर मेलो तरी बायको म्हणेल, पुरे झाला सराव, कचरा बाहेर ठेवून ये.

मला मिळालेल्या बाईचं नाव लोरेन हॅच, कँटीनमधली स्वयंपाकीण. तक्रारी काय? कमरेत ओढ, पाय जड, कपडे ओले होतात. अगं बाई, ही तर मीच, असं मी ओरडलेच. ग्वेन म्हणाली, मग बरंच झालं की, पाठांतर वाचलं. या केसचं बरोबर उत्तर ठरलेलं आहे, की आजार काही नाही, मनाचा ताण आहे. पोरांनी ते गोड बोलून सांगायचं, आणि लोरेनने शेवटी म्हणायचं, 'बरं वाटलं डॉक्टर, मी उगाच घाबरले होते.' म्हणताना तोंड कडू झालं.

एका मुलाने माझ्या तळव्यावर काडी ओढली. मला पत्ताच नाही. नंतर ग्वेनने सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, म्हणाली, याला म्हणतात अभिनय, पापणीसुद्धा हलली नाही! टाळ्या पडल्या. मीही मान लववली, दुसरं काय करणार?

२१ सप्टेंबर

आज डॉ. प्रेंटिस आले. पांढरे केस (कापलेत सुरेख, तेवढं कबूल), ऊबदार आवाज, सगळ्या बायकांना 'पोरी' म्हणतात. त्यांनी मला टेबलावर पालथं झोपवलं, गाऊन सारला आणि पुंजक्यावरच अंगठा ठेवला. मग पोरांना म्हणाले की बघा, मी दाबायच्या आधीच ही आक्रसली, दुखणं मनात असलं की असंच होतं. पोरं हसली. अंगठा पुंजक्यावर होता हो! आंधळ्याच्याही बोटांना लागला असता.

बाहेर त्यांना गाठून माझं खरं सगळं सांगितलं. ते हसले, म्हणाले, भूमिका फार अंगात भिनलीय तुझ्या. मी हट्टच धरला तेव्हा म्हणाले, परीक्षा संपू देत, मग ये दवाखान्यात, बघू. बघू! नाही तर म्हणाले नाहीत ना. जाता जाता शेवटचं वाक्य नीट म्हणत जा म्हणाले. ते त्यांनीच लिहिलंय.

३० सप्टेंबर

आज 'बरं वाटलं डॉक्टर' म्हणायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. 'माझी पाठ बघितलीस का रे, भडव्या?' आवाज माझा नव्हता. जाडाभरडा, सिगरेटी ओढणाऱ्या बाईचा होता. समोरचा मुलगा पांढराफटक पडला. ग्वेनने मला झाप झाप झापलं.

ओटिस कॉफी ओतता ओतता हळूच म्हणाला, तो आवाज मी ओळखतो. लोरेन हॅच खरी होती. खाली कँटीनमध्ये सूप वाढायची, शिव्या घालत वाढायची, पण भांडं भरून. तिचा पाय ओढायला लागला तेव्हा प्रेंटिसने तिला तपासतो म्हणून वर आणलं आणि पोरांसमोर पुन्हा पुन्हा टेबलावर पालथी घातली, की हे बघा, मनाचं दुखणं. मग तिचे पाय गेले. मग लघवी तुंबून मूत्रपिंडं गेली आणि ती मेली. मेल्यावर पाठ उघडली तर कण्यातला मज्जारज्जूचा दोर तळाशी घट्ट बांधलेला. सगळ्यांना कळलं म्हणे. मी विचारलं, मग केस बदलली नाही? ओटिस म्हणाला, नाही ना. उत्तर तेच ठेवलं.

उत्तर तेच ठेवलं! तेच शिकून पोरं डॉक्टर झाली आणि गावोगाव बसली. मला लग्न कर म्हणणारा त्यातलाच असेल. माझं टाळकं फिरलं. रिकाम्या खोलीत गेले, टेबलावर मूठ आपटली आणि मोठ्याने म्हणाले, लोरेन, ये बाई. माझं तोंड घे, माझी पाठ घे. सोडू नकोस त्याला.

९ ऑक्टोबर

आली ती. प्रेंटिसने पुंजक्यावर अंगठा ठेवला आणि माझ्या कण्यातून काहीतरी सरकन सुटलं, शिवणीतला दोरा ओढला की कापड सैल पडतं तसं. तो ताठ झाला, कपाळावर घाम. वळून जायला निघाला तर डावा पाय फरशीवर घासत गेला!

आणि माझा डावा पाय — गरम. घरी येऊन बूट काढले, सतरंजीचा खरखरीतपणा तळव्याला लागला. मी रडले. मग रेडिओ लावून नाचले. खालून मालकीणबाई ओरडल्या की छत पाडशील. पाडीन!

१७ ऑक्टोबर

आज बस पकडायला धावले. मी, धावले! प्रेंटिस आता काठी घेऊन येतो, तरी पोरांना दाखवायची हौस जात नाही. ठेव बाबा अंगठा. ठेव.

एक गोष्ट लिहून ठेवते. मारिसा नावाची एक मुलगी आहे. ठरलेलं उत्तर न देता ती मला म्हणाली, बाई, तुमच्या पाठीवर हे काय आहे, याचा एमआरआय करायला हवा. तिला शून्य मिळालं. पण तिचाही हात माझ्या पाठीला लागला होता. आज जिन्यात तिचे पाय दुमडले. मी लोरेनला म्हटलं, अगं, ही चांगली होती. पाय मात्र अजून हलका झाला आणि मी — मी तशीच दोन दोन पायऱ्या ओलांडत वर गेले.

२६ ऑक्टोबर

व्याख्यान चालू असताना भर वर्गात प्रेंटिसची पँट ओली झाली. पोरांनी माना खाली घातल्या. मी दारातून पाहिलं, मन भरून पाहिलं. लाज वाटते? नाही वाटत. लोरेन माझ्या घशात हसत होती आणि मीही हसत होते. आता कुणीतरी त्याला सांगू दे, मनाचा ताण आहे, पोरा. सांगू दे, लग्न कर.

३ नोव्हेंबर

कुणी म्हणालंच नाही.

त्याच दिवशी एमआरआय. दुसऱ्या दिवशी बुशार स्वतः गाडी घेऊन आल्या. दोर तळाशी बांधलेला आहे, या वयात कसा हे आश्चर्यच, पण आहे. लगेच ऑपरेशन. परवाच करणार आहेत. ग्वेन डोळे पुसत सांगत होती, देवाची कृपा, वेळेवर कळलं.

माझं दुखणं होतं ते! माझं आणि लोरेनचं. आमच्या अंगात होतं तेव्हा मनाचं होतं. त्याच्या अंगात गेलं आणि सगळ्यांना दिसलं.

खोलीतली खुर्ची मोडली मी. का मोडली ते मालकीणबाईंना सांगता येईना.

८ नोव्हेंबर

त्याची गाठ कापली आणि ती — माझ्या पाठीत परत आली. घरी आली म्हणावं तशी. दोन्ही पाय गेले. मालकीणबाईंनी उचलून बसवलं, गादी बदलली.

तपासणीच्या खोलीबाहेर असले की मी मीच असते. त्या खोलीत गेले की जीभ तिची.

१३ नोव्हेंबर

प्रेंटिस घरी आला. धापा टाकत, जिना चढून. म्हणाला, पोरी, तू सांगत होतीस, मी ऐकलं नाही. आता स्वतः भोगलंय. उद्या बुशार येतील, विद्यार्थ्यांसमोर तुझी पाठ बघतील, लगेच ऑपरेशन. उत्तरही बदलणार म्हणाला. भाषण करणार आहे स्वतःच्या आजारावर.

लोरेनचं नाव? एकदाही नाही.

तरी मी हो म्हटलं. पाय हवेत मला. लोरेन, तुझं झालं ते झालं, मला जगायचंय. प्रेंटिसला घे, हवं तर पुन्हा घे — पण बुशारना नको. त्यांचे हात मला हवेत. दुसरे हात नाहीत या कामाचे.

तिच्यावर भरवसा नाही.

मालकीणबाईंनी उचलून खाली नेलं, बेकरीतून बुशारना फोन केला. तपासणीच्या खोलीत मला हात लावू नका, आधी फक्त एमआरआय काढा. त्या म्हणाल्या, घाबरू नका, मी हळूच बघेन.

१४ नोव्हेंबर

त्याच टेबलावर पालथी आहे. वही उशीच्या आड. त्यांना वाटतंय कसलासा कागद भरतेय.

ओरडून पाहिलं. तोंडातून निघालं, 'या ना डॉक्टर, बघा ना माझी पाठ.' गोड. इतकं गोड ती कधी बोलली नव्हती.

प्रेंटिस भाषण करतोय. पोरं हसतायत. बोल, बोलत राहा, तेवढाच उशीर होईल —

बुशार बेसिनपाशी. लांबूनच बघून म्हणाल्या, अहो, हे तर इथूनही दिसतंय. हिला कुणी आधी का पाठवलं नाही? प्रेंटिस भाषणाचा कागद चाळतोय.

ऐकलंस? ऐकलंस, लोरेन? हिने बघितलं. न दाबता बघितलं. ही त्यांच्यातली नाही. तुझीही पाठ हिने — थांब ना गं, हिला सोड, तुझ्या पाया पडते —

वही दाखवावी म्हटलं, हात उचलेना, फक्त लिहितो —

जवळ आल्या. हात चोळून गरम करतायत. मला गार लागू नये म्हणून. आजवर कुणी एकानेही —

बाई, नको, तुमचा तो हात —